आवाज न करणारा संगणक जोडताना: डिस्क, पंखे आणि एक डीओए पत्र

मी घरी बसून ऑडिओबुकांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते. एप्रिल २०२३ मध्ये एका पुस्तकाच्या पहिल्या काही प्रकरणांच्या फाइली परत आल्या. शेरा एका ओळीचा: नॉइज फ्लोअर जास्त आहे, पुन्हा पाठवा. ऑडिबलच्या एसीएक्सची, म्हणजे ऑडिओबुकं स्वीकारणाऱ्या त्यांच्या सेवेची, अट अशी की कुणी बोलत नसताना ध्वनिमुद्रणात जी उरलीसुरली घरघर असते ती वजा ६० डेसिबलच्या खाली हवी. मी ज्यांच्यासाठी वाचते तेही हाच आकडा धरतात. माझी शांतता वजा ५३ च्या आसपास रेंगाळत होती. सीलिंग फॅन बंद, खिडक्या बंद, दाराला गोधडी टांगलेली. उरला तो टेबलाखालचा २०१४ साली जोडून घेतलेला संगणक.

नॉइज रिडक्शनचं बटण आहेच की, असं बरेच जण सांगतात. आहे, पण ते जास्त फिरवलं की 'स' आणि 'श' पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे लागतात, आणि मराठीत हे दोन आवाज काही कमी वेळा येत नाहीत. घरघर मुळातच थांबवायची असं ठरवलं. त्यात एप्रिल ते जुलै गेले. घरच्या घरी शांत आणि तरीही वेगवान संगणक जोडायचा विचार असेल त्यांच्यासाठी हे सगळं क्रमानं लिहून ठेवते आहे.

सुरुवात खरेदीनं केली नाही. आधी आवाज कोण करतंय ते पाहिलं. ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये अर्धा मिनिट शांतता ध्वनिमुद्रित केली आणि 'प्लॉट स्पेक्ट्रम' उघडलं. कोणत्या कंपनसंख्येला किती आवाज आहे याचा डोंगरदऱ्यांसारखा आलेख येतो. त्यात दोन सुळके अगदी ठळक होते, एक १०० हर्ट्झवर आणि एक १२० वर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरचं गुणगुणणं दुपटीला, म्हणजे १०० हर्ट्झला येतं. तो सुळका यूपीएसचा निघाला. यूपीएस खोलीबाहेर पॅसेजमध्ये नेला आणि तो जवळजवळ नाहीसा झाला. खर्च शून्य. १२० चा मात्र हलेना. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते. गुन्हेगाराचं नाव आलेखातच छापलेलं होतं.

खात्री करायला कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्यावर तळहात दाबून धरला. घरघर निम्म्यावर आली. हात काढला, पुन्हा सुरू. म्हणजे डिस्क स्वतः करते त्यापेक्षा जास्त आवाज तिला स्क्रूनं जखडलेला पातळ पत्रा करत होता. संगणक बंद करून डिस्कच्या केबली काढल्या, फक्त सिस्टिमच्या छोट्या एसएसडीवर, म्हणजे काहीही न फिरणाऱ्या चिपवाल्या डिस्कवर, तो चालू केला, तर वजा ५७. उरलेला आवाज प्रोसेसरच्या आणि पॉवर सप्लायच्या पंख्यांचा. तुमच्याकडेही हाच क्रम करा: एकेक गोष्ट काढायची आणि आकडा लिहायचा. केबली काढताना मात्र दर वेळी मागचं बटण बंद, वायर भिंतीतून बाहेर.

जुन्या संगणकातच नवे भाग बसवायचे का यावर घरात थोडी चर्चा झाली. नऊ वर्षांचं मशीन, विंडोज ११ घेत नाही, मोठी फाइल उघडली की गुडघे टेकतं. लॅपटॉपचा पर्यायही निघाला, पण नवऱ्याच्या लॅपटॉपचा पंखा नेमका वाक्याच्या मध्यात घोंगावतो हे मी अनेकदा अनुभवलं होतं. नवीनच जोडायचं ठरलं. बजेट साठ हजार.

मे महिना कागदावर गेला. सगळ्यात आधी एक हिशेब केला, तो प्रत्येकानं करावा असं वाटतं. मी २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, मोनो ध्वनिमुद्रण करते. सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येकी तीन बाइट. म्हणजे सेकंदाला १४४ केबी, तासाला साधारण ५२० एमबी. एवढं लिहून घ्यायला कुठलीही जुनी डिस्कही पुरते, कारण साधी हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे-दोनशे एमबी लिहिते. एसएसडी मला हवी होती ती वेगासाठी कमी आणि ती फिरत नाही म्हणून जास्त. फाइल चटकन उघडणं, मागेपुढे करताना न अडकणं हा फायदा आहेच, पण 'सेकंदाला ७,००० एमबी' वगैरे आकड्यांसाठी माझ्यासारखीनं एक रुपयाही जास्त देऊ नये.

मग हार्ड डिस्क हवीच कशाला? घरात मिनी-डीव्ही कॅसेटचा एक खोका आहे. राज्य नाट्य स्पर्धेतले प्रयोग, सासूबाईंचं भजनी मंडळ, लग्नं. डीव्ही कॅसेटचं तासाभराचं चित्रण संगणकात साधारण १३ जीबी घेतं. त्यात माझी कच्ची ध्वनिमुद्रणं. चार टीबी तरी हवेत. चार टीबीच्या एसएसडीचा भाव विचारला तर हार्ड डिस्कच्या तिप्पट सांगितला. मग आराखडा असा ठरला: रोजचं काम एक टीबी एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणाऱ्या वेगवान) एसएसडीवर, साठा चार टीबी हार्ड डिस्कवर, आणि ध्वनिमुद्रण चालू असताना ती डिस्क झोपलेली.

एसएसडी निवडणं सोपं वाटलं होतं. सोपं नव्हतं, कारण सगळ्या डब्यांवर एकच आकडा. उदाहरण देते. क्रूशल पी३ आणि वेस्टर्न डिजिटलची डब्ल्यूडी ब्लू एसएन५७०, दोन्ही एक टीबी, दोन्हींवर वाचनाचा वेग सेकंदाला ३,५०० एमबी, दोन्हींना पाच वर्षांची वॉरंटी. भावात फरक थोडा. पण माहितीपत्रक उघडलं की टीबीडब्ल्यू, म्हणजे वॉरंटीच्या काळात किती लिखाण चालेल तो आकडा, पी३ चा २२० टीबी आणि एसएन५७० चा ६०० टीबी. पी३ मध्ये क्यूएलसी चिप, एका पेशीत चार बिट. एसएन५७० मध्ये टीएलसी, तीन बिट. क्यूएलसी वाईट असते असं नाही, नुसतं वाचायला ठेवली तर उत्तम चालते. पण मोठी फाइल सलग ओतत राहिलं की तिचा वेग बराच पडतो, आणि माझ्याकडे तर कॅसेटी ओतायच्या होत्या. एसएन५७० घेतली.

चौथ्या पिढीची महागडी एसएसडी का नाही? प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ५६००जी ठरला होता. त्याच्यातच ग्राफिक्स असतं, म्हणजे ग्राफिक्स कार्ड नाही आणि कार्डाचे पंखे नाहीत. शांततेसाठी याच्याइतकी मोठी बचत दुसरी नाही. मात्र हा प्रोसेसर पीसीआयईच्या, म्हणजे एसएसडीला जोडणाऱ्या वाटेच्या, तिसऱ्या पिढीपर्यंतच जातो. बी५५० मदरबोर्डावर एसएसडीच्या जागेला चौथ्या पिढीचं एम.२ असं छापलेलं असतं, पण ५६००जी बसवला की ती जागाही तिसऱ्या पिढीच्याच वेगानं चालते. दुकानात ही गोष्ट आपणहून कुणी सांगत नाही.

आता मुख्य प्रकरण, हार्ड डिस्क. इथं मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो सत्कारणी लागला असं माझं मत आहे.

डिस्कवर डेटा गोल पट्ट्यांमध्ये लिहिला जातो. साध्या पद्धतीत, म्हणजे सीएमआरमध्ये, पट्ट्या शेजारी शेजारी सुट्या असतात. एसएमआर पद्धतीत त्या मंगलोरी कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. जागा वाचते, डिस्क स्वस्त पडते. पण मधलं एक कौल बदलायचं तर त्यावर चढलेली पुढची सगळी उचलावी लागतात. डिस्कमध्ये थोडी जागा साध्या पद्धतीची राखलेली असते, आधी तिथं लिहून घेते आणि मोकळ्या वेळात आवरते. बराच डेटा सलग टाकला की ती राखीव जागा भरते आणि वेग रांगायला लागतो. शिवाय, आणि हे मला आवाजामुळे महत्त्वाचं, आपण काही करत नसतानाही डिस्क आतल्या आत आवराआवर करत राहते. घरात सगळे झोपले की भांडी लावणारं माणूस असतं तशी.

ही पद्धत डब्यावर लिहिलेली असेलच असं नाही. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या दोन ते सहा टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं, तोवर ग्राहकांना सांगितलेलं नव्हतं. त्यानंतर कंपनीनं मॉडेलवार यादी प्रसिद्ध केली आणि सीएमआर डिस्कना 'रेड प्लस' असं वेगळं नाव दिलं. सीगेटची आयर्नवुल्फ मालिका सीएमआर, पण त्याच कंपनीची चार टीबीची बाराकुडा, एसटी४०००डीएम००४, एसएमआर. म्हणून मालिकेचं नाव आणि डब्याचा रंग बाजूला ठेवायचा, लेबलवरचा पूर्ण मॉडेल नंबर घ्यायचा आणि तो कंपनीच्या माहितीपत्रकात शोधायचा. शेवटची दोन अक्षरंसुद्धा सोडायची नाहीत, बऱ्याचदा फरक तिथंच असतो.

फेऱ्यांचंही तेच. ५४०० फेऱ्यांची डिस्क ७२०० वालीपेक्षा शांत आणि थंड, हे ढोबळपणे खरं. पण त्याच २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या काही मोठ्या डिस्कवर '५४०० आरपीएम क्लास' असं लिहिलेलं असताना लोकांनी माइक लावून पाहिलं, तर सुळका ९० हर्ट्झला यायच्या ऐवजी १२० ला. डिस्क प्रत्यक्षात ७२०० नं फिरत होत्या. माझा एप्रिलमधला आलेख डोळ्यांसमोर होता, त्यामुळे हे वाचताना मजा वाटली.

माहितीपत्रकात आवाजाचे दोन आकडे असतात: नुसती फिरत असताना आणि शोधत असताना. दुसरा आकडा त्या खडखडीचा, सुई इकडून तिकडे उड्या मारते तेव्हाचा. काही कंपन्या डेसिबलमध्ये देतात, काही बेलमध्ये. २.३ बेल म्हणजे २३ डेसिबल, दशांश चिन्ह पाहून ही डिस्क दसपट शांत आहे असं समजू नका. पूर्वीच्या डिस्कमध्ये ही खडखड कमी करण्याची एक सोय असायची, एएएम नावाची, थोडा वेग देऊन शांतता घ्यायची. आजच्या बहुतेक डिस्कमध्ये ती उरलेली नाही. जुन्या चर्चांमध्ये तिचा सल्ला सापडला तर वेळ घालवू नका.

शेवटी नॅससाठीची (घरच्या नेटवर्कवर सतत चालणाऱ्या साठ्यासाठीची) चार टीबी, ५४०० फेऱ्यांची, सीएमआर, तीन वर्षांच्या वॉरंटीची डिस्क ठरली. कंपनीचं नाव इथून पुढे लिहीत नाही, कारण पुढं जे झालं ते कुणाच्याही डिस्कचं होऊ शकतं.

जूनच्या सुरुवातीला डेक्कन क्वीननं मुंबई गाठली. दादरला उतरून लोकलनं ग्रँट रोड, तिथून पायी लॅमिंग्टन रोड, म्हणजे संगणकाच्या सुट्या भागांचा बाजार. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून कामाचा दिवस काढला. प्रोसेसर १२,४००, बी५५० बोर्ड १०,८००, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम ३,६००, एसएसडी ४,७००, साडेपाचशे वॉटचा गोल्ड (वीज कमी वाया घालवणारा) पॉवर सप्लाय ६,९००, टॉवर कूलर २,६००. सगळे भाव १८ टक्के जीएसटी धरून. बिनबिलाचा भाव आधी सांगतात, तो ऐकून घ्यायचा आणि बिलाचा विचारायचा. बिलावर प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर लिहून घ्या. दुकानदार कंटाळतो, आपण उभं राहायचं.

पॉवर सप्लाय घेताना मी एकच हट्ट धरला, कमी भारावर पंखा पूर्ण थांबणारा हवा. माझं मशीन भरपूर काम करतानाही शंभर वॉटच्या आसपासच ओढणार होतं, म्हणजे साडेपाचशेच्या सप्लायचा पंखा जवळजवळ कधीच फिरणार नाही. साडेतीनशेचा स्वस्त सप्लाय पुरला असता, पण तो सतत घुरघुरला असता.

कॅबिनेट आणि हार्ड डिस्क मात्र पुण्यात घ्यायची असं ठरवलं होतं. कॅबिनेट गाडीतून आणणं अवघड, आणि डिस्क ही अशी गोष्ट की ती बिघडली तर दुकान रिक्षाच्या अंतरावर असावं. कॅबिनेट आतून फोम लावलेलं, डिस्कच्या जागेला रबरी बुचं असलेलं मिळालं, ७,२०० ला.

डिस्कच्या दुकानात काउंटरवरच्या मुलानं विचारलं, "ब्लू देऊ का पर्पल, मॅडम?"

मी मॉडेल नंबर लिहिलेला कागद पुढे केला. त्यानं तो वाचला, आतल्या कुणाला तरी ओरडून विचारलं आणि म्हणाला, "हे उद्या येईल. पर्पल आत्ता आहे. सीसीटीव्हीला सगळे हीच नेतात, चोवीस तास चालते."

पर्पल डिस्क वाईट नसते. कॅमेऱ्याचं चित्रण सतत लिहून घ्यायला बनवलेली असते. पण मला हवी ती नव्हती. दुसऱ्या दिवशी गेले. पैसे देण्याआधी तिथंच मोबाइलवर कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून वॉरंटी तपासली. पहिल्या डिस्कचं उत्तर आलं की ही तयार संगणकासोबत विकलेली आहे, वॉरंटीसाठी त्या विक्रेत्याला विचारा. म्हणजे मला शून्य वॉरंटी. मालकांनी खळखळ न करता दुसरी काढून दिली, तिची तारीख २०२६ पर्यंत आली. ९,६०० रुपये. ही दोन मिनिटांची तपासणी कुणीही चुकवू नये, नंतर वाद घालण्यात अर्थ नसतो.

घरी आल्यावर डिस्क यूएसबी डॉकमध्ये (सुटी डिस्क बाहेरून जोडायच्या खोबणीत) घालून जुन्या संगणकाला लावली. नव्यात बसवायच्या आधीच पूर्ण तपासायची, हे ठरलेलं. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये चालू तास शून्य, म्हणजे खरोखर नवी. या सॉफ्टवेअरची एक खोच: कच्चे आकडे ते सोळाच्या पद्धतीत दाखवतं, म्हणजे १० दिसलं तर ते सोळा असतात. सेटिंगमध्ये जाऊन दशमान करता येतं. मग कंपनीच्याच सॉफ्टवेअरनं संपूर्ण पृष्ठभागाची लांब चाचणी लावली. चार टीबी वाचायला सात-आठ तास लागतात, रात्री लावून झोपायचं.

सकाळी चाचणी नापास. 'करंट पेंडिंग सेक्टर', म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या जागा, यासमोर ८. आजच्या डिस्कचा एक खरा सेक्टर ४,०९६ बाइटचा असतो आणि तो बाहेर ५१२ चे आठ म्हणून मोजला जातो, त्यामुळे एक जागा खराब झाली की आकडा बऱ्याचदा आठनं वाढतो. एकच जागा, पण कोऱ्या डिस्कवर. घरच्यांचं म्हणणं पडलं की एवढ्याशानं काय होतंय. मला ती ठेवायची नव्हती.

दुकानात बदलून मिळेल अशी माझी समजूत होती. मालक म्हणाले, "ताई, मी दिली असती, पण वरून डिस्ट्रिब्युटर घेत नाही. सर्व्हिस सेंटरचं डीओए पत्र आणा, लगेच बदलून देतो." डीओए म्हणजे आल्यापासूनच बिघडलेली.

सर्व्हिस सेंटर एका व्यापारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. खाली वहीत नाव, वेळ, वस्तूचा सीरियल नंबर. वर टोकन. मूळ बिल, त्याची झेरॉक्स, ओळखपत्राची झेरॉक्स आणि डिस्क तिच्या मूळ चंदेरी पिशवीत, एवढं लागतं. पिशवी नसेल तर घेत नाहीत, माझ्यासमोर एका काकांना त्याच कारणानं परत पाठवलं. बिलावरचा आणि डिस्कवरचा नंबर अक्षर न् अक्षर जुळवतात. माझ्या बिलावर एका शून्याचा 'ओ' झालेला होता. दुकानात फोन लावला, त्यांनी शिक्का मारलेलं दुरुस्त बिल व्हॉट्सॲपवर पाठवलं, पण कागदच लागेल म्हणाले. म्हणजे दुसरी फेरी. बिल हातात घेतल्यावर तिथंच नंबर ताडून पाहा.

दुसऱ्या वेळी डिस्क ठेवून घेतली. तपासणीला चार-पाच दिवस सांगितले होते, आठवडा उलटून गेला. रोज फोन केला की "सर टेस्टिंगमध्ये आहेत" असं उत्तर यायचं. हा काळ मला सगळ्यात त्रासाचा गेला. बाकीचे खोके बैठकीत रचलेले, फाइली परत पाठवायची तारीख जवळ येत चाललेली, आणि आपण उगाच बारीकसारीक गोष्टींचा कीस पाडतोय का अशी शंका. त्या दिवसांत जुन्या संगणकाची डिस्क काढून ठेवून, एसएसडीवर, माइकपासून जितकं लांब नेता येईल तितकं नेऊन दोन प्रकरणं उरकली. ती वजा ६० च्या जेमतेम खाली बसली. म्हणजे अडलेल्याला एवढंही पुरतं, हे लक्षात असू द्या.

जूनच्या अखेरीस पत्र मिळालं. एक परिच्छेद, शिक्का, सही. दुकानात नवी डिस्क मुंबईहून यायला आणखी तीन-चार दिवस. ती नवीनच मिळाली याचं कारण ते पत्र. वॉरंटीत थेट कंपनीकडे दिली असती तर बहुधा दुरुस्त करून प्रमाणित केलेली जुनी डिस्क आली असती. तेव्हा खरेदीनंतरच्या पहिल्या दिवसांत दोष सापडला तर डीओएचाच आग्रह धरा. दुसरी डिस्क रात्रभराच्या चाचणीत स्वच्छ निघाली.

जुलैच्या पहिल्या शनिवारी जोडणी. मदतीला बहिणीचा दहावीतला मुलगा. "मावशी, एम.२ चा स्क्रू कुठंय?" या प्रश्नावर आमचा बराच वेळ गेला. तो स्क्रू तांदळापेक्षा लहान असतो आणि बोर्डाच्या खोक्यात वेगळ्या पुडीत दडलेला असतो, सुरुवातीलाच वाटीत काढून ठेवा. एसएसडीच्या वरच्या धातूच्या पट्टीखाली आणि कूलरच्या तळाला प्लास्टिकचा पापुद्रा असतो, तो सोलायचा. हार्ड डिस्क रबरी बुचांवर लांब स्क्रूनं बसवायची, आणि स्क्रू आवळून टाकायचे नाहीत. रबर चेपलं की ते पुन्हा पत्र्यासारखंच वागतं. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा भाच्यानं डिस्कचा स्क्रू अर्धा फेरा सैल केला आणि गुणगुण ऐकू येईनाशी झाली. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद माझ्यापेक्षा मोठा होता.

प्रोसेसरच्या डब्यात छोटा पंखा येतो. तो ठीक आहे, पण काम वाढलं की किरकिरतो, म्हणून १२० मिलिमीटरच्या पंख्याचा टॉवर कूलर. पंख्यांचं गणित एकदा समजून घ्या. सारखे दोन पंखे लावले की एकापेक्षा आवाज ३ डेसिबलच वाढतो. तोच एक पंखा दुप्पट वेगानं फिरवला की साधारण १५ डेसिबल वाढतो. म्हणून एक पंखा जोरात फिरवण्यापेक्षा दोन-तीन मोठे पंखे हळू फिरवायचे. मी ११०० रुपयांचा एक जादा १४० चा पंखा पुढं लावला. सगळे चार पिनचे, म्हणजे बोर्ड त्यांचा वेग नीट सांभाळतं. बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, प्रोसेसर ६० अंशांपर्यंत असेतो ते मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या आसपास ठेवले. आणखी एक: तापमान क्षणभर वाढलं की पंखा लगेच उसळतो आणि बसतो, हा चढउतार एकसुरी आवाजापेक्षा माइकला जास्त खटकतो. बायॉसमध्ये पंख्यानं किती सेकंदांनी प्रतिसाद द्यायचा हे ठरवता येतं, ते लांबवा.

तिथंच रॅमचं एक्सएमपी, म्हणजे तिच्या पूर्ण वेगाची सेटिंग, चालू करून घ्या, नाहीतर ३२०० ची रॅम मुकाट्यानं कमी वेगावर चालत राहते. आणि बायॉस ताजं करा. एएमडीच्या संगणकांवर विंडोज ११ मध्ये एफटीपीएम या सुरक्षेच्या सोयीमुळे अधूनमधून क्षणभर सगळं अडखळायचं, आवाजसुद्धा तुटायचा. कंपनीनं मार्च २०२२ मध्ये ते मान्य केलं आणि त्यावरचा उपाय पुढच्या बायॉसमधून आला. माझा बोर्ड दुकानात पडून राहिलेला, त्यात आधीचंच बायॉस होतं. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी तर हे पहिल्या दिवशीच उरकावं. यूपीएस लावलेला असतानाच, कारण मध्येच वीज गेली तर बोर्ड कामातून जाऊ शकतो.

डिस्क झोपवण्यासाठी विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये 'टर्न ऑफ हार्ड डिस्क' दहा मिनिटांवर ठेवलं. तरी ती मधेच जागी व्हायची. विंडोज शोधासाठी फाइलींची सूची (इंडेक्सिंग) बनवत राहतं, ते त्या डिस्कपुरतं बंद केलं, आणि ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये अलीकडच्या फाइलींच्या यादीतून तिच्यावरच्या फाइली काढल्या, तेव्हा कुठं शांत झोपली. आता कधी फाइलींची खिडकी उघडली की ती जागी होईपर्यंत काही सेकंद सगळं थांबतं. ते चालवून घेते. दर पाच मिनिटांनी झोपवू नका, सतत उठवणं-झोपवणं डिस्कलाच महागात पडतं.

नव्या मशीनवर तीच अर्ध्या मिनिटाची शांतता मोजली. डिस्क झोपलेली असताना वजा ६६, जागी असताना वजा ६४, आणि ९० हर्ट्झवर बारीकसा उंचवटा. म्हणजे लेबलवरचे ५४०० खरे होते. एकूण खर्च ५८,९००. लॅमिंग्टन रोडचा प्रवास, रिक्षा आणि झेरॉक्स वेगळे. मॉनिटर, कीबोर्ड, यूपीएस जुनेच. राहिलेली प्रकरणं जुलैच्या मध्यावर पाठवली, ती कुठल्याही शेऱ्याशिवाय स्वीकारली गेली.

एवढं वाचून माझ्या दिरांनी मुलासाठी असंच मशीन जोडून द्यायला सांगितलं. मुलाला गेम खेळायचे आहेत. त्यांना नाही म्हणाले. गेमसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, कार्ड आलं की त्याचे पंखे आले आणि फोमवालं बंदिस्त कॅबिनेट त्याला उलट गरम करतं. त्याला जाळीचा दर्शनी भाग असलेलं कॅबिनेट आणि चांगले हेडफोन घेऊन द्या. डिस्कपुरतं मात्र माझ्या कागदावरचे मॉडेल नंबर त्यांना दिलेत.